'पोचलास की कळव' या अल्बमचे समीक्षात्मक स्वागत

एखाद्या अल्बमवर लिहिण्यापूर्वी तो ऐकावा लागतो, असा एक गैरसमज सर्वसामान्य वाचकांत अजूनही आढळतो. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत संगीतसमीक्षा लिहून हा गैरसमज मी बरीच वर्षं जपत आलो आहे. वाचकांचा विश्वास फार नाजूक असतो.

प्रस्तुत अल्बम माझ्या सख्ख्या भाचीचा. तिनं तो आपल्या खोलीत, कपाटाच्या दाराला गोधड्या टांगून, आत बसून ध्वनिमुद्रित केला आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकला होता. प्रकार इलेक्ट्रॉनिक पॉप, तोही प्रायोगिक, विषय प्रेम, नाव 'पोचलास की कळव'. एका संध्याकाळी ती घरी आली, माझ्या फोनवर अल्बम पाठवला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तिनं मुद्द्याचं सांगितलं. टेलिफोनवरच्या ध्वनिमुद्रित सूचना तयार करणाऱ्या एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती. महिनाअखेरीस हो की नाही कळवायचं होतं. नोकरी घेतली, की गाण्यांना वेळ उरणार नव्हता.

"मामा, तू यावर लिहू नकोस," ती म्हणाली. "फक्त ऐक आणि मला सांग. काही दम असेल तर मी त्यांना नाही म्हणते. नसेल तर तसंही सांग, मी काही रडत बसणार नाही."

"ऐकतो," मी म्हणालो. "नक्की ऐकतो."

यावर ती एकदम हसली. तिला हायसं वाटलं असावं, असं मी धरून चाललो. माझी बायको मात्र हसली नाही. ती भाचीला म्हणाली, "महिनाअखेर कुठल्या वर्षाची, ते यांना नीट सांगून ठेव."

आता, न ऐकण्यामागे आळस होता असं कुणी समजू नये. त्यामागे व्यवसायाची शिस्त होती. आमच्या शहरात नव्या संगीतावर अधिकारवाणीनं लिहिणारे आम्ही तिघं: मी, प्रतिस्पर्धी दैनिकातला दाढीवाला आणि एक निवृत्त प्राध्यापक, ज्यांना सगळेच 'सर' म्हणतात. नव्या कलाकृतीवर जो सगळ्यांत आधी लिहितो, तो मरतो. त्यानं स्तुती केली आणि मागून बाकीच्या दोघांनी झोडपलं, तर तो भाबडा ठरतो. त्यानं झोडपलं आणि बाकीच्यांनी डोक्यावर घेतलं, तर तो कालबाह्य. म्हणून शहाणा समीक्षक थांबतो. आणि आम्ही तिघंही शहाणे असल्यामुळे तिघंही थांबलो.

मध्यंतरी एका समारंभात आम्ही लिफ्टपाशी भेटलो. दाढीवाल्यानं विचारलं, ऐकला का. मी म्हटलं, ऐकला, पण पुन्हा ऐकायला हवा. सर म्हणाले, त्यांनाही पुन्हाच ऐकायचा आहे. आमच्या धंद्यात 'पुन्हा ऐकायला हवा' याचा अर्थ काय, हे तिघांनाही ठाऊक असल्यानं लिफ्ट येईपर्यंत आम्ही हवामानावर बोललो.

पण वर्तमानपत्राला शांतता परवडत नाही. पुढच्या रविवारी दाढीवाल्यानं आमच्या गप्प बसण्यावरच अर्धं पान लिहिलं. 'एका अल्बमने समीक्षकांची वाचा हिरावली' असा मथळा. त्यात अल्बमविषयी एकही वाक्य नव्हतं, तरी लेख वाचून भले भले अस्वस्थ झाले. सर्वांत आधी आमचा संपादक. तो वयानं माझ्यापेक्षा लहान आहे आणि सगळ्यांना 'बॉस' म्हणतो.

"बॉस, सगळ्या शहराची वाचा गेली आणि आपला माणूस इथं बिस्किटं बुडवून खातोय," तो म्हणाला. "पाचपर्यंत मजकूर द्या."

मी त्याला सांगितलं की, निदान एकदा ऐकावं लागेल. अल्बम किती लांबीचा आहे, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, पाऊण तासाच्या वर. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, मग राहू द्या ऐकायचं.

अशा रीतीनं निर्णय प्रशासकीय पातळीवर झाल्यानंतर मी गाण्यांची नावं समोर ठेवून कामाला लागलो. 'जेवलीस का', 'दार नीट लावून घे', 'स्वेटर घेतलास ना', आणि सातवं 'ऐकतो'. सामान्य माणसाला ही वाक्यं घरातली वाटतील. समीक्षकानं सामान्य माणसासारखं वाटून घ्यायचं नसतं. 'पोचलास की कळव' या शीर्षकात मला प्रेमिकांमधली पाळतव्यवस्था दिसली. 'स्वेटर'मध्ये देहाला झाकण्याचा सामाजिक आग्रह दिसला. दार तर इतक्या अर्थांनी लावून घेता येत होतं की, त्यावरच दोन परिच्छेद झाले. 'ऐकतो' म्हणणारा पुरुष आहे एवढं उघड होतं; त्याच्याबद्दल मी लिहिलं की, हा आवाज एका निर्दय प्रियकराचा असून, तो ऐकताना श्रोत्याच्या अंगावर काटा येतो. तारे मात्र मी दिले नाहीत. ते पानं लावणारा देतो. शेजारी गाद्यांच्या दुकानाची जाहिरात असल्यामुळे चार बसले.

लेख गाजला. दाढीवाल्यानं तो उद्धृत केला. सरांनी तीव्र आक्षेप घेतला: आवाज निर्दय नसून थंड आहे, आणि थंडपणा व निर्दयपणा यांत गल्लत करणं हे आजच्या समीक्षेचं दारिद्र्य आहे. त्यावर मी उत्तर दिलं. माझ्या उत्तरावर दाढीवाल्यानं प्रश्न उपस्थित केले. बघता बघता शहरात दोन तट पडले आणि न बोलणारी माणसं एकमेकांशी भांडण्यासाठी बोलू लागली. तिघांपैकी अल्बम कुणी ऐकला आहे, हा मुद्दा दोन्ही तटांनी सौजन्यानं बाजूला ठेवला.

याच सुमारास ताईचा, म्हणजे भाचीच्या आईचा, फोन आला. पोरगी वाट बघतेय, काय ते सांगून टाक, म्हणाली. मी म्हटलं, अगं, पाऊण पान लिहिलं, चार तारे दिले, आता आणखी काय सांगू?

"ते वाचलं तिनं," ताई म्हणाली. "वाचून म्हणाली, मामानं अजून ऐकलेलं नाही."

मला हे फार लागलं. खोटा आरोप माणूस हसून सोडून देतो. हा तसा नव्हता. त्याच दुपारी मी दार लावून घेतलं, कानात इअरफोन घातले आणि पहिलं गाणं सुरू केलं. कुलपात किल्ली फिरल्यासारखा आवाज झाला, मागून हलका ठेका आला, आणि तेवढ्यात फोन वाजला. अल्बमवर एक दिवसाचा परिसंवाद ठरला होता. प्रमुख वक्ता मी. इतकं मोठं भाषण म्हणजे तयारी आली. ऐकत बसायला वेळ उरला नाही.

परिसंवादाचा विषय होता 'निर्दयता की थंडपणा: प्रेमाच्या नव्या शक्यता'. तो नेमका महिन्याच्या शेवटच्या शनिवारी होता. भाचीलाही निमंत्रण होतं, दुसऱ्या रांगेतलं. तिनं बोलायचं नाही असं ठरलं होतं, कारण कलावंतानं स्वतःच्या कृतीवर बोललं की, अर्थाच्या शक्यता घटतात, असं सरांचं म्हणणं होतं. मी तास-दीड तास बोललो. आयुष्यात इतकं चांगलं मी क्वचितच बोललो असेन. टाळ्या झाल्या, आणि मग असं लक्षात आलं की, चहा यायला अवकाश आहे. तेवढा वेळ भरून काढायला म्हणून आयोजकांनी सातवं गाणं लावलं.

आधी एक ठोका. मग सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून आवाज आला: "ऐकतो. नक्की ऐकतो. जरा गडबडीत आहे गं, रविवारी ऐकतो. ऐकतोच." आवाज ओळखीचा वाटला. एखादा जुना वृत्तनिवेदक असावा, असं मी शेजारी कुजबुजलोसुद्धा. मग त्या आवाजानं बोलता बोलता घसा खाकरला, आणि ते खाकरणं मी रोज सकाळी बेसिनपाशी ऐकतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत भाचीनं मला जे काही पाठवलं होतं, त्याला मी फोनवर बोलून धाडलेली ती उत्तरं होती. तिनं ती कापून, जोडून, ठेक्यावर बसवली होती. परवानगीचं म्हणाल, तर तिनं ती रीतसर मागितली होती. तिचा निरोप जरा लांब होता. मी न ऐकताच अंगठा पाठवला होता. बायको तिसऱ्या रांगेत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती आपल्या बांगडीकडे फार लक्ष देऊन बघत होती.

सर उठून उभे राहिले. त्यांचा आवाज भावनेनं जड झाला होता. ते म्हणाले की, वादात त्यांचाच पक्ष बरोबर ठरला आहे. इतका कोरडा, इतका रिकामा आवाज कुठल्याही जिवंत माणसाच्या गळ्यातून निघणं अशक्य आहे. दाढीवाल्यानं विचारलं की, हा कुठल्या सॉफ्टवेअरनं बनवला. एका वाक्यात उत्तर द्यायला भाचीला खास परवानगी मिळाली.

"सॉफ्टवेअर नाही, घरचंच आहे," ती म्हणाली.

सगळ्यांनी लिहून घेतलं. तेवढ्यात चहा आला आणि गाणं मध्येच बंद झालं.

चहाच्या टेबलापाशी ती स्वतःहून आली. भाषण छान झालं, म्हणाली. सोमवारपासून नोकरीवर जातेय, म्हणाली. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की, पण अल्बम तर प्रेमावर होता ना?

"प्रेमावरच आहे, मामा. तू दर वेळी तेच म्हणायचास, आणि मी दर वेळी पुन्हा पाठवायचे."

तिनं माझ्या हातातला रिकामा कप घेतला आणि ठेवायला गेली.

पुढं बरेच महिने सगळं सुरळीत होतं. अल्बमचा समावेश वर्षातल्या महत्त्वाच्या कलाकृतींत झाला. यादी मीच केली होती. मग एक दिवस घरचं इंटरनेट बंद पडलं. मी तक्रार केंद्राला फोन लावला. बिलासाठी एक, नव्या जोडणीसाठी दोन, तक्रारीसाठी तीन. मी तीन दाबलं, आणि पलीकडून शांत, आश्वासक स्वरात माझा आवाज आला: "ऐकतो. नक्की ऐकतो."

नंतर ताईकडून कळलं की, भाचीच्या कंपनीनं गाणं विकत घेतलं होतं. त्यांनी बरेच आवाज तपासून पाहिले. या आवाजाला ग्राहक सर्वांत कमी चिडत होते. आपल्याच माणसाशी बोलतोय असं त्यांना वाटायचं, आणि ते निमूटपणे वाट बघायचे.

फोन ठेवता येत नव्हता, ठेवला तर पुन्हा रांगेत शेवटी. म्हणून मी ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. माझ्या प्रत्येक 'ऐकतो'नंतर भाचीनं थोडी जागा मोकळी सोडली होती, कुणीतरी खरंच ऐकून काही बोलेल एवढी. गाणं पुढं सरकतं तशी ती जागा मोठी होत जाते. शेवटी ठेका थांबतो, माझा आवाजही थांबतो, आणि नुसती तिनं सोडलेली जागा उरते. इतकं चांगलं काही मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. तसं सांगावंसं वाटलं. पण बिलासाठी एक होतं, जोडणीसाठी दोन, तक्रारीसाठी तीन. आवडलं म्हणून सांगायला आकडा नव्हता.

बायको दारात उभी होती. माझा चेहरा बघून तिनं विचारलं, काय झालं. मी सांगितलं.

"मग हे तिला सांग ना. फोन कर आत्ता."

"करतो," मी म्हणालो. "इंटरनेटचं एवढं मिटू दे. नक्की करतो."

तुम्ही हसलात, याचा मला राग नाही. मात्र हसून झाल्यावर स्वतःचा फोन उघडून बघा. कुणीतरी जीव ओतून केलेलं काहीतरी तुम्हाला पाठवलेलं त्यात सापडेल. ते तुम्ही अजून उघडलेलं नाही. त्याखाली तुमचा अंगठा आहे, आणि त्या अंगठ्यावर विसंबून ते माणूस महिनाअखेरची वाट बघतं आहे.