काडीपेटी काढा

आमच्या इमारतीत यायचं तर परवापरवापर्यंत फाटकावर आधी काडीपेटी द्यावी लागायची. तुम्ही डॉक्टर असा, पाहुणे असा, नाहीतर नवा जावई असा. हरसिंग हात पुढे करून उभाच. "काडीपेटी काढा. लायटर असन तं लायटर काढा. अंदर कापूस हाय."

अंदर कापूस नाही. अंदर चोवीस फ्लॅट आहेत आणि प्रत्येक फ्लॅटात गॅसची शेगडी आहे.

पूर्वी मात्र होता. वणीतली ही जुनी जिनिंग. इथे कापसातून सरकी वेगळी व्हायची, गाठी बांधल्या जायच्या. उमेदीची सगळी वर्षं मी इथे खाली बसून कवडी वेचली. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. मग जिनिंग बंद पडली, भिंतीतून पिंपळ उगवले, आणि शेवटी एका बिल्डरने ती घेतली. जाडजूड विटांच्या भिंती तशाच ठेवून त्याने आत दोन मजले बसवले आणि नाव दिलं 'कॉटन हाइट्स'. हाइट कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही. माझ्या मुलाने त्यात फ्लॅट घेतला. मी कवडी वेचायचे तिथे आता सुनेचा मिक्सर आहे. लोक विचारतात, "आजी, कसं वाटतं?" बरं वाटतं. पंखा आहे.

बिल्डरने भिंतींसारखाच हरसिंगही ठेवून घेतला. हा जवळच्या बंजारा तांड्यावरचा. मिसरूड फुटायच्या आधी फाटकावर लागला तो अजून तिथेच आहे. कापसात एक ठिणगी पडली तर सगळंच संपलं, म्हणून आत जाणाऱ्याची विडी-काडी फाटकावर काढून घ्यायची आणि सुट्टी झाली की परत द्यायची, हे त्याचं काम. फाटकाच्या खोलीत भिंतीभर कोनाडे आहेत. त्यांत तो पेट्या ठेवायचा. चिठ्ठी नाही, खूण नाही, तरी ज्याची त्यालाच मिळायची. बायको गेली, दात गेले, हे काही गेलं नाही. रागावला की तो आपल्या गोरबोलीत सुरू होतो. शिव्या आहेत की आशीर्वाद, ते आम्हाला कळत नाही, म्हणून भांडण पुढे जात नाही.

आमच्याकडे कोळशाच्या खाणीतली माणसं बरीच राहतात. ती मुकाट काडीपेटी द्यायची. खाणीत उतरतानाही त्यांची झडती होतेच. फाटक दिसलं की त्यांचा हात आपसूक खिशात जायचा. त्रास व्हायचा तो बाकीच्यांना.

सोसायटीचे सेक्रेटरी राऊतसाहेब बँकेत आहेत. त्यांच्या वास्तुशांतीला आलेल्या गुरुजींची काडीपेटी हरसिंगने काढून घेतली.

"महाराज, होम बाहेर करा."

"अरे बाबा, वास्तू आत आहे. होम बाहेर कसा करू?"

शेवटी राऊतबाईंनी गॅसवर कापूर पेटवून आणला. होम सुरू झाला, तर हरसिंग रेतीच्या दोन बादल्या घेऊन यजमानांच्या पाठीशी हजर. गुरुजींनी 'स्वाहा' म्हटलं की हा बादली उचलायचा. गुरुजी तूप थेंबाथेंबाने सोडायला लागले. होम निम्म्या वेळात आटोपला. मला तरी बरं वाटलं, जेवण लवकर मिळालं.

पण वरच्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न त्याला भोवलं. वरात फाटकाशी आली. हरसिंगने बँड थांबवला, फटाक्यांचं पोतं ताब्यात घेतलं, मामाचा लायटर घेतला आणि नवरदेवाच्याही खिशात हात घातला. काडीपेटी नाही सापडली. खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पुडी सापडली. नवरदेवाला सुपारीचंही व्यसन नाही असं आम्हाला सांगितलेलं होतं, आणि सासू ओवाळायला समोरच उभी होती.

लग्न लागलं, पण रविवारी गच्चीवर मीटिंग बसली. राऊतसाहेब म्हणाले, "हरसिंग, राहायचं असेल तर राहा. खोली तुझीच. पण आजपासून कोणाची काडीपेटी घ्यायची नाही."

"मंग मले ठेवता तरी कायले?" एवढं बोलून हरसिंग खाली गेला. राऊतसाहेबांनी एजन्सीचा वॉचमन मागवायचं ठरवलं आणि सगळे चहाला लागले.

मी खाली गेले. तो चादरीत भांडी बांधत होता.

"काहून रे, डोकं फिरलं का तुहं? काडीपेटीसाठी कोणी खोली सोडते का?"

"तांड्यात जातो. भावाचं घर हाय."

"भाऊ जाऊन किती वर्सं झाली. पुतणे ओळखतीन का तुले?"

तो गाठ मारत राहिला.

"आन् अंदर कापूस हाय म्हणतं. कुठी हाय? दाखव मले!"

"नाही ना हाय," तो म्हणाला. "मले दिसत नाही का? आंधळा हावो का मी, कमला?"

त्याने भिंतीतल्या कोनाड्यांकडे बोट केलं.

"जिनिंग सुटली का सारे इथं थांबत. हरसिंग, माही दे. हरसिंग, पोरीले पाहाले आलते. हरसिंग, बैल बसला. आता फाटक उघडलं का गाडी भुर्रकन अंदर. काच बी खाली होत नाही. पण ज्याची काडीपेटी माह्यापाशी हाय, त्याले वापस याच लागते. दोन शब्द बोलाच लागते. शिव्या देते तं देऊ दे."

मला रडूबिडू येत नाही. "बोचकं सोड," म्हटलं आणि वर राऊतसाहेबांकडे गेले. तो काय बोलला ते त्यांना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "साहेब, तुम्ही दोघं दहाला निघता. तुमची किल्ली बाहेरच्या रॅकमध्ये, डाव्या बुटात असते. साऱ्या इमारतीला माहीत आहे."

साहेबांनी बुटाकडे पाहिलं.

"हरसिंगने इतक्या वर्षांत कोणाच्या पेटीतली एक काडी कमी केली नाही. काडीपेटी नका देऊ. किल्ली द्या."

ते हो-नाही करत होते. राऊतबाईंनी आतूनच सांगितलं, "द्या हो. रोज त्या बुटात हात घालावा लागतो मला."

महिन्याभरात सगळे कोनाडे भरले. काडीपेट्या आता राजरोस आत जातात; हरसिंग त्यांच्याकडे डोळ्यात कुसळ गेल्यासारखा पाहतो. पण सकाळी फाटकाशी गाड्या थांबतात, काचा खाली होतात. "हरसिंग, सिलिंडर आला तर घेऊन ठेव." "काका, आज उशीर होईल." उशीर झाला की तो संध्याकाळी कारण विचारतो. बँकेच्या साहेबालाही विचारतो, आणि साहेब सांगतात.

आमच्या दाराला कुलूप लागत नाही, मी घरीच असते. तरी बाजाराला निघाले की एक किल्ली त्याच्या हातावर ठेवते. काल परत मागितली तर त्याने वर आमच्या गॅलरीकडे पाहिलं.

"कमला, सून तं घरीच हाय. दार उघडं दिसून राह्यलं."

"असू दे. दे माही किल्ली."

त्याने न पाहता बरोबर कोनाड्यात हात घातला. "मेथी कशी भेटली?"

मी पिशवी खाली ठेवली आणि पायरीवर बसून सांगायला लागले.