हैबतरावांची दाढ आणि सात पावलांचा आदर

एका जंगलात हैबतराव नावाचा एक म्हातारा कुत्रा राहत होता. जंगलच होतं ना ते? की जंगलाच्या कडेचं गवताळ रान? सांगणाऱ्याला आता नीट आठवत नाही, बाळांनो. कुत्र्याचा उजवा कान फाटका होता. किंवा डावा असेल. पण त्याच्या तोंडाला वास येत होता, एवढं मात्र पक्कं आठवतं. तसला वास विसरता येत नाही.

हैबतराव वाघमहाराजांच्या दरबारात बातमीदार होते. रोज सकाळी जंगलाच्या चारही सीमा हुंगून यायचं आणि महाराजांना बातमी द्यायची, हे त्यांचं काम. नाक असं तिखट, की दोन कोसांवर एखाद्या शिकाऱ्याने विडी शिलगावली तर ती कुठल्या हाताने, एवढं सोडून बाकी सगळं त्यांना कळायचं.

राज्याची बातमी भलत्याच्या कानी पडू नये, म्हणून ती महाराजांच्या कानातच सांगायची पद्धत होती. सांगणाऱ्याचं तोंड आणि महाराजांचा कान यांत एका बोटाचं अंतर. वाघाला बोट कुठे असतं, असं विचारू नका. पद्धत फार जुनी होती. जुन्या पद्धतीला कुणी असले प्रश्न विचारत नाही.

तर झालं काय, एकदा हाड फोडताना हैबतरावांची मागची दाढ तडकली. मग ती ठणकू लागली. मग शेजारची ठणकू लागली. हिरड्या सुजल्या, दातांवर तपकिरी थर चढला. हैबतराव डाव्या बाजूने चावू लागले. डावी बाजूही गेली, तेव्हा न चावताच गिळू लागले.

त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. दात पडलेला कुत्रा दरबारात कोण ठेवणार? आणि दरबार सुटला, तर मग आपण कोण? नुसतं एक म्हातारं कुत्रं. या धास्तीने, कितीही कळ आली तरी, ते शेपूट हलवत राहायचे.

दुखणं लपलं. वास काही लपेना.

फक्त हैबतरावांना तो येत नव्हता. दोन कोसांवरची विडी ओळखणाऱ्या नाकाला स्वतःच्या खालचं चार बोटांवरचं काही कळत नव्हतं. हसू नका, बाळांनो. पुष्कळ शिकलेल्या माणसांचंही असंच होतं, पण ती गोष्ट वेगळी.

पहिल्या दिवशी बातमी ऐकताना महाराजांच्या डोळ्यांना पाणी आलं. हैबतरावांना वाटलं, महाराज गहिवरले. दुसऱ्या दिवसापासून महाराज श्वास रोखून ऐकू लागले. पण श्वास तो किती पुरणार?

"महाराजांचा विजय असो. पूर्वेकडे सगळं ठीक आहे. पश्चिमेकडे..."

इथवर आलं की महाराज मान फिरवायचे आणि म्हणायचे, "वा! उत्तम!"

पश्चिम रोज ऐकायची राहून जायची. अशी दोन वर्षं गेली.

आता तुम्ही म्हणाल, कुणी सांगितलं का नाही? तर त्या जंगलात एक कडक रीत होती. कुणाच्या तोंडात डोकावायचं नाही. तोंड उघडून दात बघतात ते बाजारातल्या बैलाचे, विकत घ्यायचा असला तर. इभ्रतदार जनावराचे नाहीत. आणि म्हाताऱ्याचे तर मुळीच नाहीत.

म्हणून दरबारचे सचिव साळिंदर यांनी मार्ग काढला. त्यांनी स्वतःच्या अंगावरचा एक काटा उपसला आणि त्याने परिपत्रक लिहिलं: 'ज्येष्ठांचा मान राखण्यासाठी यापुढे सर्वांनी हैबतरावांपासून सात पावलं दूर उभं राहावं.'

हैबतराव विरघळले. "साळिंदरसाहेब, अहो, एवढं कशाला?"

"छे छे! तुमचा अधिकारच तेवढा आहे," साळिंदर आठव्या पावलावरून म्हणाले.

दुसरं परिपत्रक निघालं, हैबतरावांच्या बसायच्या जागेभोवती केवडा लावावा. तिसरं निघालं, वाऱ्याची दिशा बघून दरबार भरवावा. मग एक समिती नेमली गेली. समितीने सहा महिने अभ्यास केला, तोही दूरच्या टेकडीवर बसून. तिचा निष्कर्ष एका ओळीचा होता: 'सदर दर्प हा दर्प नसून अनुभव आहे.'

तरुण कुत्र्यांनी ते वाचलं. त्याच दिवसापासून त्यांनी दात साफ ठेवायला काड्या चघळणं सोडून दिलं.

शेवटी हैबतरावांचा जाहीर सत्कार झाला. पाहुण्यांनी हार आणले होते, पण ते हैबतरावांच्या गळ्यात पडेनात. जो तो आपला हार नाकाशी धरून बसला होता. "हैबतराव येण्याआधीच कळतं की हैबतराव येताहेत! असं व्यक्तिमत्त्व होणे नाही!" साळिंदर भाषणात म्हणाले. टाळ्या पडल्या. मानाचं म्हणून एक भलंमोठं हाड देण्यात आलं. हैबतरावांनी ते सगळ्यांदेखत तोंडात धरलं, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते तसेच हसत हसत झुडपामागे गेले. तिथे हाड टाकून त्यांनी मान जमिनीला टेकली.

"दुखतंय का हो, आजोबा?"

वर फांदीवर एक साळुंकी बसली होती. गवळ्याच्या म्हशींच्या कानांतले गोचीड काढायचं काम करायची. दरबारात तिला जागा नव्हती, त्यामुळे तिथल्या रीतीभातीही तिला ठाऊक नव्हत्या.

दोन वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. उत्तर काय देतात तेच त्यांना आठवेना.

"तोंड उघडा बघू," साळुंकी म्हणाली.

"पोरी, मी काय बाजारातला बैल आहे?"

"बैल घ्यायला बघतात. मी कुठे तुम्हाला विकत घेते आहे? आणि घेईन कशाला? उघडा म्हणते ना!"

हैबतरावांनी तोंड उघडलं. साळुंकी पटकन मागे सरकली, एक मोठा श्वास घेतला आणि पुन्हा पुढे आली.

"अगं आई गं! तीन दाढा कुजल्यात. फटीत हाडाची किरच अडकली आहे. पू झालाय. आणि तुम्ही खाता काय?"

"गिळतो."

"अन् हा वास सहन कसा करता?"

"कसला वास?"

साळुंकी त्यांच्या कानाशी सरकली. मग हळूच म्हणाली, "तुमच्या तोंडाचा, आजोबा. पार ओढ्यापर्यंत येतो."

हैबतराव खाली बसले. त्यांना महाराजांच्या डोळ्यांतलं पाणी आठवलं. केवडा आठवला. ती सात पावलं त्यांनी मनात पुन्हा मोजली. लाज वाटावी की राग यावा, हे त्यांना ठरवता येईना. ते म्हणाले, "सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"आणि एकानेही...?"

"मान ठेवला तुमचा," साळुंकी म्हणाली. तिला टोमणा मारायचा नव्हता, पण तो बसला.

दाढा काढायच्या तर दरबार हातचा जाईल. ठेवायच्या तर आपणच जाऊ. हैबतरावांनी सबंध दुपार यावर विचार केला. तिन्हीसांजेला ते म्हणाले, "काढ."

साळुंकीने एका माकडिणीला बोलावलं. तिची बोटं बारीक आणि जीभ लांब. आंबलेली मोहाची फुलं खाऊन हैबतराव अर्धवट गुंगीत गेले आणि माकडिणीने एकेक करून तिन्ही दाढा उपसल्या. "मेले हे दरबारी! केवडे लावत बसले!" ती प्रत्येक दाढेमागे म्हणत होती. मग सगळ्या दातांवरचं कीटण तिने नखाने खरवडून काढलं.

दहा दिवसांनी हैबतराव दरबारात गेले. वारा त्यांच्याकडून वाहत होता, तरी कुणी तोंड फिरवलं नाही. उलट सगळे चुळबुळले. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं.

हैबतराव महाराजांच्या कानाशी वाकले. महाराजांनी सवयीने श्वास रोखला. मग हळूच सोडला. मग चकित होऊन पुन्हा घेतला.

"महाराजांचा विजय असो. पूर्वेकडे सगळं ठीक आहे. पश्चिमेकडे पाणवठ्यावर दोन वर्षं फासे लागताहेत. अकरा हरणं गेली. दक्षिणेची कंदांची जमीन साळिंदरसाहेबांच्या मेहुण्यांनी खणून संपवली."

"काय?" महाराज ओरडले. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"रोज सांगत होतो, महाराज."

महाराजांचा चेहरा पडला. हैबतरावांची बातमी इथे संपली होती. त्यांनी मागे व्हायला हवं होतं. पण एका बोटाच्या अंतरावर त्यांना एक वास आला. दाढा गेल्यापासून त्यांच्या नाकाला जवळचंही कळू लागलं होतं. उपसलेल्या दाढा हुंगल्यापासून हा वास त्यांच्या ओळखीचा होता, आणि तो आता त्यांचा नव्हता.

गप्प राहावं, त्यांना वाटलं. नोकरी टिकली आहे. वास नाही, दुखणं नाही. आता उरलेलं आयुष्य बरं जाईल. शिवाय कोण जाणे, आपलंच नाक फसत असेल. एकदा फसलंच होतं की. पण दोन वर्षं त्यांच्याशी सगळे असेच गप्प राहिले होते. ती कळ त्यांना आठवली. ती वाघालाही होत असणार.

ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "महाराज, आपला वरचा उजवा सुळा दुखतो का? एक माकडीण आहे. हात फार हलका आहे तिचा."

"आम्ही काय बाजारातले बैल आहोत?" म्हणत महाराजांनी जबडा वासला आणि अशी डरकाळी फोडली, की दरबार हादरला. डरकाळीबरोबर सुटलेला भपकारा सात पावलं ओलांडून शेवटच्या रांगेतल्या सशापर्यंत पोहोचला.

सगळ्या दरबाराने एकदम हैबतरावांकडे पाहिलं.

"बघा महाराज!" साळिंदर नाक दाबून म्हणाले. "अजून येतोच आहे!"

त्याच दिवशी हैबतरावांना प्रकृतीच्या कारणास्तव कामावरून कमी केलं. नव्या बातमीदाराच्या निवडीसाठी परिपत्रक निघालं. त्यात पहिली अट होती: 'उमेदवाराला किमान सात पावलांचा अनुभव असावा.'

हैबतराव साळुंकीबरोबर गवळ्याच्या गोठ्यावर गेले. तिथे त्यांना ताकात कुस्करलेली नाचणीची भाकरी मिळायची. एक रेडकू त्यांना अगदी चिकटून झोपायचं. सुरुवातीला ते त्याला दूर सारायचे. मग सारेनासे झाले.

तात्पर्य: बाळांनो, मोठे झालात की दात घासू नका. तोंडाला वास येत असला, की लोक मान देतात, हार आणतात आणि तुमचं म्हणणं ऐकत नाहीत. तोंड स्वच्छ झालं, की म्हणणं ऐकू येतं. मग तुम्हाला कोण ठेवणार?

सुळ्याच्या गोष्टीवर मात्र सांगणाऱ्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता. काढून टाकलेल्या म्हाताऱ्याने रागाने ती रचली असेल, असं त्याला वाटायचं. पुष्कळ वर्षांनी त्या ओढ्याच्या वाळूत एका मोठ्या वाघाची कवटी सापडली, तेव्हा त्याने चष्मा पुसून ती दोनदा तपासली. वरचा उजवा सुळा मुळापर्यंत पोकळ होता.