अठरा तासांचं लंडन

"मुंबई ते लंडन साडेचार हजार मैल. इमान तासाला पळतंय अडीचशे मैल. म्हंजे अठरा तास! एक मिनिट कमी न्हाई का जास्त न्हाई!"

ताडकळसच्या चावडीवर व्यंकटरावांनी निकालच देऊन टाकला. शाळेतल्या नकाशावर दोरा ठेवून त्यांनी स्वतः अंतर मोजलं होतं. त्यांचा बन्सीधर शेतीचं शिकायला विलायतेला निघाला होता. पंचक्रोशीत आजवर विमान लोकांनी पाहिलं होतं ते मान वर करूनच!

घरी आल्यावर बन्सीधरच्या आईनं, मनकर्णाबाईंनी, एवढंच विचारलं, "अठरा तासच ना? मग पोचल्याची तार येईस्तोवर मी अन्नाला शिवणार न्हाई."

"बस की उपाशी! उद्या सकाळी सहाला तर उतरतंय पोरगं!"

सोमवारी दुपारी बाराला, विमान सुटायच्या वेळी, मनकर्णाबाईंनी चूल विझवली. या उपासात आपणही आलो, हे व्यंकटरावांना संध्याकाळी पाटावर बसल्यावर कळलं!

मंगळवारी सकाळी सहाला ते ओरडले, "उतरला!" गल्लीभर साखर वाटली. पण तार काही येईना. संध्याकाळी त्यांनी नवा दोरा घेऊन नकाशा पुन्हा मोजला. अंतर सातशे मैलांनी कमीच भरलं! म्हणजे पोरगं आणखी लवकर पोचायला हवं होतं.

बुधवारी शेजारच्या कोंडाबाई धीर द्यायला आल्या. "भावजी, वाटंत समदा समुंदरच हाय म्हनं?"

"समदा न्हाई, निम्माच," व्यंकटराव सवयीनं बोलून गेले.

मनकर्णाबाईंचं तोंड कापसासारखं पांढरं पडलं. तेवढ्यात पूर्ण्याच्या तारघरातून सायकल हाणत मुंजाजी पोस्टमन आला. "तार हाय!"

तार म्हणजे कुणीतरी गेलं, एवढंच गल्लीला ठाऊक. कोंडाबाईंनी गळा काढला. पाठोपाठ दहा बायांनी काढला!

"वाचा," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या.

व्यंकटरावांनी तार सुलटी धरली, उलटी धरली. निजामाच्या शाळेत त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. "विंग्रजी हाय गं," ते पुटपुटले. "मास्तरांकडं जावं लागंल."

सटवाजी मास्तर आठवडी बाजारात वांगी निवडत होते. पुढं व्यंकटराव, मागं मनकर्णाबाई, त्यांच्यामागं रडणाऱ्या बाया. बाजारानं तराजू खाली ठेवले आणि तोही मागं निघाला! मास्तरांनी एका हातात वांगं तसंच धरून तार वाचली. मग पुन्हा वाचली. व्यंकटरावांनी त्यांची बाही धरली.

"काय झालं हो मास्तर?"

"काय व्हायचंय? 'सुखरूप पोचलो. थंडी फार.' पण ह्या बाया का रडायल्यात?"

"मग येवढा उशीर?"

"आहो, इमान वाटंत उतरत उतरत जातंय! तेल भरायला थांबतंय, मानसं घ्यायला थांबतंय. वरनं तुमची तार पूर्ण्याला येऊन तिथनं सायकलीवर आली!"

"म्हंजे आपल्या पॅसिंजर गाडीवानी?"

"तसंच की!"

बाजार खदखदून हसला. कोंडाबाईंनी मधेच तोडलेल्या रडण्याचं काय करावं न कळून पदरानं नाक पुसलं. मनकर्णाबाई तिथंच गुळाच्या दुकानापुढं मटकन बसल्या. दुकानदारानं दिलेला खडा त्यांनी तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले.

व्यंकटराव जवळ जाऊन हळूच म्हणाले, "बन्सीची माय, आता मी बी खाऊ का?"

मनकर्णाबाईंनी त्यांच्या हातावर गूळ ठेवला. "खावा. पर आधी डोळे पुसा. समदा बाजार बघायलाय."