सोप्या भाषेत कलम सात

कायदा सर्वसामान्य माणसाला समजला पाहिजे, याबद्दल या देशात कुणाचंही दुमत नाही. सर्वसामान्य माणसाचं तर नाहीच नाही, कारण त्याला ते अजून कुणी विचारलेलं नाही.

याच उदात्त विचारातून लातुरात 'विधेयक सुलभीकरण कक्ष' स्थापन झाला. दिल्लीत एखाद्या कायद्याचा मसुदा निघाला, की तो सोप्या मराठीत आणायचा, लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतल्या नागरिकांना समजावून सांगायचा आणि समजल्याची सही घ्यायची, एवढंच त्याचं काम. त्यासाठी दोन खोल्या, एक कूलर आणि एक भाषातज्ज्ञ मंजूर झाला. पैकी भाषातज्ज्ञ वेळेवर आला.

हे भाषातज्ज्ञ म्हणजे शिरूर अनंतपाळचे मल्लिनाथ सर. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. कठीण शब्दाखाली रेघ मारायची आणि त्याचा अर्थ समासात लिहायचा, हे त्यांनी जन्मभर केलं. समासातलं कुणी वाचत नाही, हेही त्यांना जन्मभर ठाऊक होतं. तरी नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते फ्रेम करून बैठकीत लावलं. देशाला आपली गरज आहे असं माणसाला साठीनंतर वाटायला लागलं, की ते सहसा मानवत नाही, असं सर आता स्वतःच सांगतात.

पहिलाच मसुदा आला तो 'गृहनिर्मित खाद्यपदार्थ (नोंदणी, नियमन व प्रोत्साहन) विधेयक' या नावाचा. पानं चौऱ्याऐंशी. हरकती आणि सूचना पाठवायला मुदत तीस दिवस. त्यातले आठ दिवस मसुदा लातूरला पोचण्यात गेले, म्हणजे तो बराच लवकर आला.

आता इथे सरांच्या घरचा विषय निघतो. सरांच्या पत्नी अंबिकाबाई येसर करतात. (ज्यांना येसर माहीत नाही त्यांच्यासाठी सोप्या भाषेत: गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, धने, खोबरं, मिरची घालून दळायची. त्याची आमटी होते. ज्यांना माहीत आहे त्यांची एवढ्यावर समजूत पटणार नाही, पण कंसात यापेक्षा जास्त मावत नाही.) सासूबाईंनी शिकवलेलं हे येसर लातूरच्या दोन खाणावळींत जातं, गावातल्या लग्नांत जातं आणि पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांच्या पिशव्यांतून जातं. सर शाळेत असताना लोक त्याला 'सरांच्या घरचं येसर' म्हणायचे. सर निवृत्त झाल्यावर लोक सरांना 'येसरवाल्या बाईंचे मालक' म्हणायला लागले. सरांना त्याचं वाईट वाटत नाही, असं ते दोनतीनदा तरी म्हणाले आहेत.

"अहो, त्या कायद्यात माझं येसर बसतंय का न्हाई?" अंबिकाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"अभ्यास चालू आहे."

"लई लांबड नका लावू. चालू ठेवू का बंद करू, तेवढं सांगा."

सरांनी सांगितलं असतं. पण 'हो' आणि 'नाही' हे दोन्ही शब्द कितीही सोपे असले, तरी मसुद्यात ते कुठेच नव्हते.

सुलभीकरणाला नऊ दिवस लागले, कारण आधी नियम ठरवावे लागले. वाक्यात सहापेक्षा जास्त शब्द नकोत. एकूण मजकूर एका पानात बसावा. वाचणाऱ्याला भीती वाटेल असं काही नको. चौथा नियम खुद्द सरांनी सुचवला, आणि तो ऐकून कक्षप्रमुख वैजनाथरावांनी टेबल वाजवलं: 'परंतु असे की' या शब्दांनी सुरू होणारा मजकूर सरसकट गाळावा. 'परंतु' आला की वर्गाचं लक्ष खिडकीबाहेर जातं, हा सरांचा एकतीस वर्षांचा अनुभव होता. मसुद्यात असे सेहेचाळीस 'परंतु' निघाले. सरांनी ते तांदळातल्या खड्यांसारखे वेचून फेकले.

नमुन्यादाखल कलम सात खाली जसंच्या तसं दिलं आहे. (घाईत असलेल्या वाचकांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. कक्षात सगळ्यांनी तेच केलं.)

'अनुसूची ब मध्ये नमूद केलेल्या पारंपरिक पदार्थांव्यतिरिक्त कोणताही गृहनिर्मित पदार्थ, विहित परवाना, प्रयोगशाळेचा दाखला व निवासापासून पृथक असलेली इमारत यांवाचून विक्रीस ठेवता येणार नाही. परंतु असे की, मसुदा प्रसिद्ध झाल्याच्या दिनांकापासून तीस दिवसांच्या आत कोणत्याही नागरिकाने साध्या पोस्टकार्डाद्वारे ज्या पारंपरिक पदार्थाचे केवळ नाव कळविले असेल, तो पदार्थ उक्त अनुसूचीत समाविष्ट झालेला आहे असे मानण्यात येईल. आणि आणखी असे की, याप्रमाणे न कळविलेला पदार्थ पारंपरिक नाही असे गृहीत धरण्यात येईल.'

याचं सरांनी केलेलं सुलभीकरण असं: 'सरकार घरच्या पदार्थांना नियम लावणार आहे. घाबरू नका.'

दोन वाक्यं, आठ शब्द. वैजनाथरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यानंतरचे सहा दिवस मुखपृष्ठात गेले. हसणारा शेतकरी घ्यावा की हसणारी गृहिणी, यावर दोन बैठका झाल्या. शेवटी दोघंही घेतले. ते कशाला हसत आहेत, हे मसुद्यात नव्हतं.

उरले सात दिवस. तेवढ्यात चाळीस हजार नागरिकांना विधेयक समजायचं होतं. त्यासाठी रजिस्टर छापलं. त्यात तीन रकाने होते: 'समजले', 'चांगले समजले' आणि 'फार चांगले समजले'. 'समजले नाही' हा रकाना नागरिकांचा उत्साह मावळेल म्हणून ठेवला नाही. हिमायतनगरला एका दुपारी तेवीसशे सह्या झाल्या. त्यातल्या बऱ्याच लोकांना ती रांग दुसऱ्या कशाची तरी वाटली होती, पण रांगेत ते शांतपणे उभे राहिले, ही समजूतदारपणाचीच खूण धरण्यात आली. रेणापूरच्या मलप्पांनी मात्र पेन हातात धरून ठेवलं. "समजलं म्हणून सही करतो की. पर काय समजलं, ते बी सांगून ठेवा. घरी इचारतेत." त्यांनी सविस्तर चर्चा केल्यामुळे त्यांची नोंद 'फार चांगले' मध्ये झाली.

अठ्ठाविसाव्या दिवशी सर रजिस्टर घेऊन घरी आले. शिरूरच्या अकरा सह्या कमी पडत होत्या.

"आधी तू कर," सर म्हणाले.

"माझ्या येसराचं काय झालं?"

"सही कर, मग निवांत सांगतो."

"तुम्हाला समजलंय का पण?"

"अगं, मीच लिहिलंय ते!"

"ते न्हाई इचारलं मी."

तरी त्यांनी सही केली. छत्तीस वर्षांच्या संसारात सरांनी पुढे केलेल्या कागदावर त्यांनी नेहमीच सही केली होती. निवांत सांगायचं मात्र राहून गेलं, कारण उरलेल्या दहा सह्या जमवायच्या होत्या.

एकतिसाव्या दिवशी अहवाल गेला. मूळ मसुदा आता कुणाच्याच कामाचा नव्हता, म्हणून सरांनी ती चौऱ्याऐंशी पानं रद्दी म्हणून घरी आणली. अंबिकाबाईंनी ती अंगणात अंथरली आणि वर मिरच्या वाळत घातल्या. त्यांना एक सवय आहे. सातवीपर्यंतच शाळा झालेली असल्यामुळे हाताखाली येईल तो कागद त्या वाचतात. बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश.

"अहो," थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली, "हे पोस्टकार्डाचं काय लिव्हलंय?"

सर उकिडवे बसले. मिरच्या बाजूला सारून त्यांनी कलम सात वाचलं. सुलभीकरण करताना त्यांनी ते तीनदा तपासलं होतं. वाचलं मात्र आत्ता.

"नाव कळवलं की यादीत येतंय, असंच हाय ना हे?"

"हो."

"कवापर्यंत कळवायचं होतं?"

"काल," सर म्हणाले.

अंबिकाबाईंनी बाजूला सारलेल्या मिरच्या पुन्हा पसरल्या. "एका कार्डावर निस्तं येसर लिव्हायचं होतं," त्या म्हणाल्या. "मी बी लिव्हलं असतं की."

सरांना लाज वाटली. खरी, कान तापवणारी लाज. आपल्याला सोपं बोलता येतं याचा एकतीस वर्षांचा तोरा त्या अंगणात उतरला. घरातल्या एका माणसानं एक सरळ प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर आपण आपल्याच हातानं गाळलं, हे त्यांना फार चांगलं समजलं. या रकान्यातली ती बहुधा पहिली खरी नोंद.

तसेच उठून ते पोस्टात गेले. कार्डावर मोठ्या अक्षरात 'येसर' लिहिलं आणि खिडकीतल्या बसवंतला हळूच म्हणाले, "कालचा शिक्का मारशील का?"

बसवंत त्यांचाच विद्यार्थी. "सर, शिक्का आजचाच बसतोय," तो म्हणाला. "अन् खोटं लिव्हू नका म्हणून तुम्हीच तर शिकवलंव."

पुढे अनुसूची ब निघाली. पारंपरिक पदार्थ सहाशे बारा. देशाच्या कुठल्याशा कोपऱ्यातल्या एका गृहस्थानं एकट्यानंच अकरा लोणची आणि उकडलेलं अंडं कळवलं होतं. ते सगळं आलं. लातूर आणि नांदेडपुढे 'निरंक' लिहून शेरा होता: 'या दोन्ही जिल्ह्यांतील नागरिकांना विधेयक शंभर टक्के समजलेले असल्याने एकही सूचना प्राप्त झाली नाही.' कक्षाचा गौरव झाला. सरांना शाल, श्रीफळ आणि काचेचं सन्मानचिन्ह मिळालं. कायदा अजून व्हायचा आहे, पण दोन्ही खाणावळींनी परवाना आहे का म्हणून विचारायला आत्ताच सुरुवात केली आहे. अंबिकाबाईंनी येसराचा मोठा डबा घासून पालथा घातला, आणि सन्मानचिन्ह त्यावर ठेवलं.

सर हल्ली कुणी भेटलं की ही सगळी हकीकत सांगतात आणि ऐकणाऱ्याआधी स्वतःच हसतात. मग विचारतात, कलम सात तुम्ही वाचलंत का? वर दिलंच होतं, जसंच्या तसं. पोस्टकार्डाचं त्यात स्वच्छ लिहिलं होतं, आणि तेव्हा मुदतीचे तेरा दिवस शिल्लक होते. घाईत सोडून दिलं असेल, तर तुमची सही त्या चाळीस हजारांत धरायला हरकत नाही. वाचलं असेल, तर मात्र एक सांगा. अंबिकाबाई एवढ्या वेळा विचारत होत्या. सरांची फजिती बघायला मिळेल म्हणून तुम्ही गप्प बसलात, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?