दोनशे बाराव्या सांध्याची नोटीस

गॅसवाहिनीच्या दोनशे बाराव्या सांध्याने मंगळवारी सकाळी लेखी नोटीस दिली, की येत्या शुक्रवारी अकरा वाजता आपण तडकणार आहोत. अर्ज रीतसर होता, दोन प्रतींत.

सांध्याशेजारी वेल्डर हसुराम ठाकूरचा शिक्का ठोकलेला होता. अठ्ठावीस वर्षांत हसुरामने जोडलेला एकही सांधा फुटला नव्हता, आणि हे तो न विचारताही सांगत असे. वाहिनीत सांधा फुटला तर शिक्का कायमचा जमा, असा कंपनीचा नियम. त्यामुळे चराच्या काठावर सुनावणीला उभं राहताना बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तपासनीस मुकादम मॅडमनी एक्स-रेची फिल्म उन्हाकडे धरली. "फिल्म स्वच्छ आहे. तक्रारीला आधार काय?"

"पोटात वाफ कोंडली आहे," सांधा म्हणाला. "ती सावकाश भेग पाडते. आज फिल्मवर दिसायची नाही."

"कसली वाफ?"

"खाडीतल्या निवट्या माशांच्या कालवणाची. चिंच अंमळ जास्त होती."

हसुरामला हा सांधा जोडला तो दिवस आठवला. वेल्डिंगचे रॉड कोरडे ठेवायच्या भट्टीत त्या दिवशी त्याने डबा गरम करायला ठेवला होता. सगळेच ठेवत. गार कालवण माणसाने खायचं तरी कसं? पण झाकण सैल होतं, आणि सगळी वाफ रॉडांनी पिऊन घेतली. तेच रॉड वितळून या सांध्यात गेले.

"कालवणाला पुरावा नाही. अर्ज फेटाळते," म्हणत मॅडमनी पेन उघडलं.

हसुरामला हायसं वाटलं. मग शरम वाटली. वरिष्ठांना उलट बोलायची सांध्याची रीत नव्हती.

"थांबा, मॅडम. त्यो खरा बोलतंय. डबा माजाच व्हता," हसुराम म्हणाला. "आनि चिंच पन जास्तच व्हती."

सांधा कापून काढला. शुक्रवारी ते कापलेलं कडं मॅडमच्या टेबलावर टक् करून तडकलं. अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. उशिराबद्दल त्याच्याकडून खुलासा मागवण्यात आला. टेबलावरची फूट वाहिनीत धरत नाहीत, म्हणून शिक्का हसुरामकडेच राहिला.

त्याच दुपारी नवा सांधा जोडून हसुराम चरातच जेवायला बसला. सांधा अजून चांगलाच तापलेला होता, तरी डबा त्याने चार हात लांब ठेवला.

"मिस्त्री, आज काय?" सांध्याने विचारलं.

"वाल. गारढोन."

"छान," सांधा म्हणाला, आणि सावकाश निवत राहिला.