परकारभाईंची रुतलेली गाडी

रियाधहून जवळात जवळचा समुद्र गाडीने चार तासांवर आहे. तरीही आमचे शेजारी परकारभाई दर शुक्रवारी नमाज आटोपली, की हातात मासे पकडायची गळाची काठी घेऊन लिफ्टमधून खाली उतरतात.

अल मलाझमधल्या या जुन्या इमारतीत आम्ही राहायला आलो, त्याच आठवड्यात ती काठी मी लिफ्टच्या दारात अडकलेली पाहिली. काठीच्या मागे परकारभाई होते, परकारभाईंच्या मागे गुंडाळलेला गालिचा होता आणि गालिच्याच्या मागे, हातात भलामोठा डबा घेतलेल्या त्यांच्या पत्नी, नफिसाभाभी.

"तुमच्या दारावर कुलकर्णी वाचलं," काठी सोडवता सोडवता ते म्हणाले. "मी परकार, दापोलीकडचा. यल्ला, येताय काय दर्यावर?"

"दर्या? इथे कुठे?"

"हाय की! शहराबाहेर पडलात की चहूकडे दर्याच हाय. आता ओहोटी हाय, एवढंच."

मला वाटलं, माणूस गंमत करतोय. तेवढ्यात त्यांनी खिशातून एक दगड काढून माझ्या हातात ठेवला. दगडात शिंपला होता, पार दगडच होऊन गेलेला. "तुवैकच्या डोंगरात सापडला. तिसऱ्या! पाणी गेलं, तिसऱ्या राहिल्या. पाणी काय, येईल परत. घाई कोणाला हाय?"

भाभी माझ्याकडे पाहून किंचित हसल्या. बोलल्या काहीच नाहीत.

परकारभाई सुलैमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका गोदामाचे मॅनेजर आहेत. तिथे म्हणे एक बोल्ट इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नाही. पण शुक्रवारी हाच माणूस वाळूच्या टेकड्यांना लाटा म्हणतो, स्वतःच्या जुन्या फोर बाय फोरला होडी म्हणतो आणि गाडी थांबवायची झाली तर "नांगर टाकतो" म्हणतो. गळाच्या काठीचा प्रत्यक्ष उपयोग सावलीसाठी चादर ताणायला होतो. तसं बोलून दाखवलं तर मात्र ते दुखावतात. "मासा काय सांगून येतो काय वो?" असं विचारतात.

आमची पहिली सहल मक्का रोडवरच्या लाल वाळूत झाली. माझी बायको मंजिरी आणि मी मागच्या सीटवर, भाभी पुढे. तोपर्यंत भाभींचा आवाज आम्ही ऐकलेलाच नव्हता. मंजिरीने ओळख म्हणून उपम्याचा डबा नेऊन दिला, तर तो परत आला सांदणांनी भरून, पण एका शब्दाशिवाय. भेटल्या की मान डोलवत, हसत आणि दार लावून घेत. मंजिरीला तर वाटलं होतं, यांना बोलता येत नसावं.

वाळूत शिरायच्या आधी टायरमधली थोडी हवा काढायची असते. हे मला, नाशिकहून येऊन ऑफिसात दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या माणसालाही ठाऊक होतं, कारण शेजारी उभी असलेली प्रत्येक गाडी तेच करत होती. परकारभाईंनी हवा काढली नाही. "आपली होडी वेगळी," असं म्हणून त्यांनी गाडी थेट टेकडीवर घातली. गाडी अर्ध्यावर चढली, घरघरली आणि दारापर्यंत वाळूत बसली.

मग पुढच्या सीटवरून आवाज आला.

"डोळे काय त्या कफिल मालकाकडे गहाण ठेवलेत? आँ? समोर मऊ रेती दिसत नाय? सगळी दुनिया हवा काढते, यांना तेवढी लाज वाटते! दर साली इकाम्याचा परवाना रिन्यू करता, तशी अक्कल रिन्यू करून मिळत नाय काय कुठे?"

मंजिरीने माझा हात घट्ट धरला. भाभी दार ढकलून वाळूत उतरल्या, कंबरेवर हात ठेवून गाडीभोवती एक चक्कर मारली आणि दुसरा हप्ता सुरू केला. त्यात परकारभाईंचे वडील, त्यांचं लग्नातलं वागणं, गेल्या ईदला आणलेलं जून मटण, सगळं आलं. परकारभाई खोरं घेऊन वाळू उपसत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर बक्षीस लागल्यासारखं हसू होतं.

गाडी निघाल्यावर गालिचा पसरला गेला. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटाची चटणी, सांदणं. जेवताना भाभी मंजिरीशी बोलत राहिल्या, हसल्या, वाळूच्या उतारावरून चप्पल हातात घेऊन धावल्यासुद्धा. संध्याकाळी इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरताच त्यांनी पुन्हा नुसती मान डोलावली आणि वर पोचून दार लावून घेतलं.

मग आम्ही त्यांच्याबरोबर वरचेवर जाऊ लागलो. परकारभाईंनी काहीतरी घोटाळा केला नाही अशी एक सहल झाली नाही. कधी ते मीठ विसरले, कधी पाणीच विसरले. एकदा 'जगाचा कडा' म्हणतात तो डोंगरकडा दाखवतो म्हणून निघाले आणि आम्हाला एका उंटांच्या गोठ्यात घेऊन गेले. तिथला म्हातारा सौदी इतका खूश झाला की त्याने आम्हाला उंटिणीचं दूध पाजल्याशिवाय सोडलं नाही. जूनमध्ये, जेव्हा रियाधमध्ये माणूस दारातून गाडीपर्यंत जायलाही घाबरतो, तेव्हा त्यांनी आम्हाला एका सुक्या वादीत, म्हणजे कोरड्या नदीपात्रात, एकुलत्या एका बाभळीखाली बसवलं. सूर्य सरकेल तसे आम्ही चौघे सावलीबरोबर झाडाभोवती सरकत होतो. "हवा बघा हवा!" परकारभाई म्हणत होते. हवा भट्टीतून आल्यासारखी होती. भाभींनी त्या हवेवर जे भाषण केलं, ते ऐकून मंजिरीला हसता हसता उचकी लागली.

आणि गाडी तर हमखास रुतायची. इतकी वर्षं वाळवंटात राहून या माणसाला वाळू कशी कळत नाही, याचं मला नवल वाटे. "मनाने चांगला, पण स्टिअरिंगवर ठार आंधळा," असा निकाल मी मंजिरीजवळ देऊन टाकला होता.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी आम्ही टेकड्यांमध्ये नेहमीपेक्षा बरेच आत गेलो होतो. गाडी नेहमीसारखी रुतली होती. भाभींचं भाषण रंगात आलं होतं. मी खोरं उचलायला वाकलो आणि माझ्या कंबरेत अशी कळ आली की मी खोऱ्यासकट वाळूवर आडवा झालो. मुतखडा होता, हे नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं, की मी ओरडतोय आणि मंजिरी रडतेय. फोनला रेंज नव्हती. आसपास एक गाडी दिसत नव्हती.

"खलास, पुरे झालं आता," परकारभाई म्हणाले. एवढंच. आवाज वेगळाच होता.

त्यांनी खोरं बाजूला टाकलं. चारही टायरमधली हवा सोडली, ती इतक्या झटपट, की मला सू-सू असा आवाज तेवढा आठवतो. मला उचलून मागे निजवलं. मग गाडी स्वतःच्याच चाकोऱ्यांतून अलगद मागे घेतली आणि वळवली. कोणी ढकलली नाही, कोणी उतरलं नाही. एका बाजूला कडा, एका बाजूला उतार, अशा टेकडीच्या धारेवरून ती गाडी निघाली. मी वेदनेने विव्हळत होतो, तरी मला जाणवलं, की धक्का कसा तो बसत नाही. कुठे वेग घ्यायचा, कुठे सोडायचा, कुठल्या उताराला तोंड द्यायचं, ते त्यांच्या हातांना पाठ होतं. डांबरी रस्ता लागला तेव्हा मंजिरी रडायची थांबली होती. मंजिरीने मला मागाहून सांगितलं, की भाभी सगळा वेळ नवऱ्याच्या हातांकडे बघत होत्या.

हॉस्पिटलात मला इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. दोघी बायका बाहेर बसल्या. परकारभाई माझ्या कॉटशेजारी स्टुलावर टेकले होते. कळ जरा ओसरली तसा मी म्हणालो, "परकारभाई, तुम्हाला गाडी चालवता येते!"

चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा उतरला.

"हळू बोला वो," दाराकडे बघत ते म्हणाले. "गोदामात यायच्या आधी मी सर्व्हेवाल्यांची गाडी चालवायचो. दक्षिणेकडे, मोठ्या वाळवंटात. कित्येक वर्षं."

"मग दर शुक्रवारी आपली गाडी रुतते ती?"

"रुतते नाय. रुतवतो."

सलाइनच्या बाटलीकडे बघत ते सांगू लागले.

"त्या साली विमानं बंद होती बघा सगळी. तेव्हा हिची आई गेली, गावी. जायला मिळालं नाय. हिच्या भावाने मय्यत फोनवर दाखवली. त्यानंतर ही बोलायचीच थांबली. रडली असती तर बरं होतं. रडलीपण नाय. जेवण वाढायची, कपडे घडी करायची, मी काय विचारलं तर मान हलवायची. महिने गेले असे. डॉक्टर झाले, मौलवी झाले. मुलगी कॅनडाहून फोन करायची, तर ही फोन कानाला लावून नुसती बसायची."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"मग एक दिवस म्हटलं, घराच्या बाहेर तरी काढू. नेली वाळूत. माझं लक्ष गाडीकडे नव्हतं, हिच्याकडे होतं. गाडी रुतली. खरोखरची रुतली त्या दिवशी. आणि ही एकदम म्हणाली, 'डोळे फुटले काय तुमचे?' कुलकर्णी, इतकं गोड वाक्य मी उभ्या जन्मात ऐकलं नाय."

"मग?"

"मग काय? घरी आलो, परत गप्प. पुढच्या शुक्रवारी मी परत रुतवली. आता मीठ विसरायचं, रस्ता चुकायचा, काय ना काय शोधून काढावं लागतं. नवीन सुचता सुचत नाय हो हल्ली." ते जरा हसले. "आईचं नाव अजून काढलेलं नाय तिने. ओरडते तेवढंच. पण ओरडते."

मुतखडा यथावकाश पडला आणि काही आठवड्यांनी आम्ही पुन्हा निघालो. लाल वाळूच्या तोंडाशी परकारभाईंनी गाडी थांबवली. टायरकडे न बघता ते परत गिअर टाकणार, इतक्यात भाभी म्हणाल्या, "उतरा."

"काय झालं?"

"मी चालवते. तुम्ही मागे बसा."

भाभींनी लायसन काढलं होतं, पण त्यांची धाव दुकानापासून घरापर्यंत. वाळूत त्यांनी कधी गाडी घातली नव्हती. परकारभाई काहीतरी पुटपुटले, पण भाभींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट्याने मागे येऊन माझ्या आणि दाराच्या मध्ये बसले. मंजिरी पुढे गेली. भाभींनी स्वतः उतरून टायरमधली हवा काढली. मग वर चढून त्या म्हणाल्या, "मला ठाऊक हाय तुम्ही कसे चालवता ते. त्या दिवशी बघितलं मी."

परकारभाई खिडकीबाहेर बघू लागले.

पहिली टेकडी भाभींनी छान चढवली. दुसऱ्या टेकडीवर नको तिथे ब्रेक मारला आणि गाडी फसली. इंजिन बंद पडलं. भाभी स्टिअरिंग धरून समोर बघत होत्या.

"ओरडा," त्या म्हणाल्या.

"कोणावर?" परकारभाईंनी विचारलं.

"माझ्यावर. मी इतकी वर्षं ओरडले. आता तुमची पाळी."

परकारभाई पुढे सरकून बसले. घसा खाकरला. हात वर केला. "नफिसा," ते म्हणाले, आणि अडकले. "नफिसा... रेतीच मऊ होती तिथे. तुझी काय चूक?"

भाभी हसायला लागल्या. स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसल्या, आम्हीपण हसलो. मग आमचं हसू थांबलं आणि त्यांचे खांदे हलतच राहिले. थोड्या वेळाने कळलं, की हे हसू नव्हे.

"आईपण अशीच होती," त्या म्हणाल्या. "बापाला ओरडायची आणि मला कधी काय बोलायची नाय. 'तुझी काय चूक' म्हणायची. मला जायला नाय मिळालं वो. माझी आई गेली आणि मला जायला नाय मिळालं."

मंजिरीने मला खूण केली. आम्ही दोघं आपापल्या बाजूने हळूच उतरलो. परकारभाई पुढे मंजिरीच्या रिकाम्या सीटवर जाऊन बसले. त्यांनी भाभींना हात लावला नाही, नुसते शेजारी बसले.

आम्ही मागच्या चाकाशी एकेक खोरं चालवू लागलो. काचेतून भाभींचा आवाज येत होता. आई मासळी कशी वाळवायची, दारात कोणाला कशी उभी करायची नाही, निघताना लेकीच्या बॅगेत लोणच्याची बरणी कशी कपड्यांत लपवायची. मध्येच रडणं, मध्येच हसणं. परकारभाईंचा आवाज फक्त एका शब्दापुरता यायचा.

"मग?"

आणि भाभी पुढे सांगायच्या.

चाक कधीच मोकळं झालं होतं. मंजिरीने खोरं खाली ठेवलं नाही, मीही ठेवलं नाही. आम्ही वाळू उपसत राहिलो.