कलम एकतीस आणि ताईचं कुलूप

सरकारी पैशातून बांधलेल्या घराला सगळ्यात मोठा धोका असतो तो त्यात राहायला येणाऱ्या माणसांचा. माणूस आल्या आल्या भिंतीत खिळा ठोकतो, फोडणी देऊन छत काळं करतो, पोरं भिंतीवर वाघ काढतात (हा वाघ कोणत्या निधीतून काढला याचा खुलासा कोणीही करत नाही), आणि बघता बघता घराची अशी दशा होते की शासनानं नक्की कशाचे पैसे दिले होते हे लेखापरीक्षकाला कळायला मार्ग उरत नाही.

हा धोका सर्वप्रथम ओळखला तो गृहनिधी कार्यालयात दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, एक पाय आखूड असलेल्या टेबलामागे बसणाऱ्या एका गृहस्थांनी. ठेकेदारांबरोबरच्या करारांत लेखापरीक्षणाची कलमं असतात, ती तेच लिहायचे. कलमाच्या शेवटी 'परंतु' घालून जी शेपटी जोडतात तिला परंतुक म्हणतात, आणि यांना शेपटीवाचून कलम बघवत नसे. त्यामुळे सगळं कार्यालय त्यांना परंतुकसाहेब म्हणायचं. घरी बायकोही तेच म्हणायची, पण आदर जरा बेताचा.

कलम एकतीस त्यांच्या हाती आलं तेव्हा अगदीच बोडकं होतं: 'ठेकेदाराने काम तपासणीसाठी खुले ठेवावे.' बस्स. साहेबांनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. गिलाव्याच्या आत विटाच आहेत याला पुरावा काय, असं एका लेखापरीक्षकानं विचारलं आणि पहिलं परंतुक जन्माला आलं: परंतु, पैसे दिलेली प्रत्येक वस्तू उघड्या डोळ्यांना दिसली पाहिजे. मग दुसरं: परंतु, तपासणी पूर्ण होईपर्यंत घराची स्थिती बदलेल असे कोणतेही कृत्य, उदाहरणार्थ राहणे, करू नये. मग तिसरं: परंतु, घराला कुलूप असू नये, कारण लेखापरीक्षक कधीही येऊ शकतात. (ते कधीच येत नाहीत, हा झाला अनुभव. करार अनुभवावर लिहीत नसतात.)

या कलमाला आलेलं यश डोळे दिपवणारं होतं. वसाहतीतून गळतीच्या तक्रारी शून्य. पाण्यावरून भांडणं शून्य. परस्पर भाडेकरू ठेवल्याचे प्रकार शून्य. शंभर टक्के घरं निर्दोष आणि शंभर टक्के रिकामी. वार्षिक अहवालात पहिला आकडा ठळक छापला, दुसरा जागेअभावी राहून गेला.

असंच सगळं सुखात चाललं असतं. पण लाभार्थ्यांच्या यादीत साहेबांच्या थोरल्या बहिणीचं नाव लागलं.

ताई आणि भावोजी चार वर्षांपासून साहेबांच्या दोन खोल्यांतल्या बाहेरच्या खोलीत राहत होते. भावोजी घड्याळजी. भाड्याचं दुकान गेलं तेव्हा त्यांनी आपला संसार साहेबांच्या जेवणाच्या टेबलावर मांडला. दुरुस्त झालेली घड्याळं वाजवून बघावी लागत, नादुरुस्त होती ती आपण होऊन वाजत. साहेबांची बायको स्वभावानं वाईट नव्हती, पण भातात दुसऱ्यांदा स्क्रू लागला तेव्हा तिनं ताट तसंच उचलून नवऱ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "घरचं झालं थोडं आणि व्याह्यांनी धाडलं घोडं."

ताईला हे सगळं कळत होतं. तिच्या पिशवीत कायम एक नवंकोरं पितळी कुलूप असायचं. मधूनच काढून पदरानं पुसायची.

"चार वर्षं अंग चोरून राहिले रे," ती भावाला म्हणायची. "एकदा माझ्या दाराला माझं कुलूप लागू दे. मग मरायला मोकळी."

घर तयार झाल्याचा निरोप आला तसे सगळे बघायला गेले. मिस्त्री दारातच उभा होता. आधीच्या कामावर एक नळ दाखवण्यासाठी त्याला तयार न्हाणीघर फोडावं लागलं होतं, तेव्हापासून तो कलम एकतीस पाठ म्हणायचा. त्यानं मोठ्या अभिमानानं घर दाखवलं. प्रत्येक भिंतीत आरपार एक चौकोन, विटांची जाडी दिसावी म्हणून. जमिनीत खड्डा, पाया दिसावा म्हणून. छताला भगदाड, सळया दिसाव्यात म्हणून. शौचालयाच्या टाकीला झाकण नव्हतं. तिची खोली मोजायला कोणी आलं तर त्याची पंचाईत नको.

"घर पाहावं बांधून म्हणतात," मिस्त्री म्हणाला. "हे कुठूनही पाहा."

ताईनं स्वयंपाकघरातल्या चौकोनातून डोकं घातलं. पलीकडच्या घराच्या चौकोनातून तिथल्या लाभार्थी बाई बघत होत्या. "या ना कधी," बाई म्हणाल्या. "कधी?" ताईनं विचारलं. बाईंनी चौकोनातून डोकं मागे घेतलं.

"अरे, ही भोकं बुजवून घेऊ की," ताई म्हणाली.

"बुजवायचे पैसे लागणार," साहेब मायेनं समजावू लागले. "पैसे दिले की ते काम दिसायला हवं. म्हणजे बुजवलेल्यात पुन्हा भोक आलं. तपासणी झाली की मिटलं, परंतु..."

परंतुच्या पुढचं ताईनं ऐकलं नाही. ती बाहेर जाऊन रडली. राग आला होता, आणि आपटायला स्वतःचं दार नव्हतं.

बहिणीचं रडणं साहेबांना सोसवेना. त्यांनी कधी नव्हे ती खटपट केली आणि लेखापरीक्षकांना चक्क आणलं. लेखापरीक्षक सज्जन होते. चौकोनाचौकोनातून बघताना त्यांना भरून आलं. सगळ्या नोकरीत त्यांना इतकं काही दिसलं नव्हतं. मग त्यांनी आक्षेप नोंदवला: घरात कोणीही राहत नाही. निधीचा हेतू निवारा. सबब मंजुरी रद्द करून घर परत का घेऊ नये?

ताईचं घर हातचं जायची वेळ आली. साहेबांनी रजा टाकली, जेवणाच्या टेबलावरची घड्याळं जरा सरकवली आणि आयुष्यातलं सर्वोत्कृष्ट परंतुक लिहिलं: परंतु, लाभार्थी प्रत्यक्षात जेथे राहत असेल ते घर या कलमापुरते निधीचेच घर समजावे. झालं! ताई कुठेतरी राहतेच आहे, म्हणजे निधीच्या घरात राहते आहे, म्हणजे हेतू सफल. वरिष्ठांनी ते त्याच दिवशी मंजूर केलं. लेखापरीक्षकांनी आक्षेप मागे घेतला, साहेबांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि पुढची तपासणी कोणत्या पत्त्यावर करायची ते लिहून घेतलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मिस्त्री सकाळीच छिन्नी-हातोडा घेऊन साहेबांच्या दारात हजर झाला. पहिल्या परंतुकानुसार दोन्ही खोल्यांच्या भिंतींना चौकोन पडले. तिसऱ्यानुसार दाराचं कुलूप निघालं. आणि दुसऱ्यानुसार, तपासणी पूर्ण होईपर्यंत त्या घरात राहणं बंद. साहेबांनी तक्रार करायला तोंड उघडलं, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ.

संध्याकाळी चौघंही रस्त्याच्या कडेला, एका उंच इमारतीसमोर बसले होते. नातेवाइकांकडे विचारून झालं होतं. सगळ्यांना वाईट वाटलं, पण ताई जिथे राहील ते निधीचं घर, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. कोणी दार पुरतं उघडलंच नाही. भावोजींच्या पेटीत दोन घड्याळं एकदम वाजली. बायकोनं यावेळी ताईचा हात धरला, आणि तेच साहेबांना जास्त लागलं.

समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागत होता. ताई बराच वेळ बघत होती.

"यांच्या भिंतींना भोकं नाहीत रे?"

"त्यांना निधी नसतो, ताई. त्यांनी कर्ज काढून घरं घेतलीत. कर्जाच्या व्याजावर सरकार त्यांना करात सूट देतं."

"म्हणजे त्यांच्याही घराला सरकारचे पैसे आहेतच की."

"आहेत."

"मग आत विटा आहेत का, माणसं राहतात का, कोणी बघायला येतं?"

"नाही."

"का?"

साहेबांनी घसा साफ केला. "परंतु," ते म्हणाले, आणि थांबले. पुढे काय लिहायचं हे त्यांना सुचेना. इतक्या वर्षांत असं कधीच झालं नव्हतं.

ताईनं पिशवीतून कुलूप काढलं, पदरानं पुसलं आणि इमारतीच्या पायरीवर ठेवून दिलं. ज्याच्या दाराला लागतं त्यानं न्यावं, म्हणाली.

साहेबांचं ते 'परंतु'पुढचं वाक्य अजून अपुरंच आहे. आपण हे आपल्या घरी, दाराला आतून कडी लावून, अखंड भिंतीला पाठ टेकून वाचत असाल. सवडीनं ते पुरं करून कार्यालयाकडे पाठवावं. आणि खाली उतरलात तर पायरीवरचं कुलूप घेऊन जा. ते आपलंच आहे.